बार जोराचा नको, सारखा हवा

कोल्हापूर म्हटलं की पूर्वी तालीम आणि कुस्ती आठवायची. आता त्यात नेमबाजीची भर पडली आहे. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोन रायफल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं. राही सरनोबत यांनी २०१३ साली कोरियातल्या चांगवॉनच्या विश्वचषकात आणि २०१८ साली आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सोनं जिंकलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझपदक पटकावलं. तेव्हापासून रेंजवर येणाऱ्या मुलामुलींची संख्या वाढली, आणि त्यांना सोडायला येणाऱ्या आईवडिलांचीही.

मी रसायनशास्त्राचा शिक्षक आणि हौशी नेमबाज. त्यामुळे या पालकांचा एक प्रश्न हमखास माझ्याकडे येतो. "सर, सराव झाल्यावर पितळी पुंगळ्यांचा ढीग पडतो. परदेशात लोक त्या घरी पुन्हा भरतात म्हणे. मग आपण का भरू नयेत? आणि भरायच्याच तर दारू कुठली घ्यायची?"

प्रश्न रास्त आहे. काडतुसांचा खर्च मध्यमवर्गीय घराला जड जातो आणि मुलीचा सराव काडतुसं संपली म्हणून थांबला, की जिवाला लागतं. म्हणून आज या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देतो. आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, म्हणजे गैरसमज नको. काडतूस तयार करणं हे आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ नुसार परवान्याचं काम आहे, आणि दारू बाळगण्यावर स्फोटकांच्या १८८४ च्या कायद्याचा अंमल आहे. पिस्तूल बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतूस बनवण्याचा परवाना नव्हे. तेव्हा घरात भरणीची पाककृती मी सांगणार नाही. पण दारू कशी निवडतात, हे समजून घेण्यासारखं आहे. ते कळलं, की दुकानातून आलेली पेटी निवडतानाही डोळे उघडे राहतात.

काडतुसाचे भाग चार. बाहेरची पितळी पुंगळी, तिच्या तोंडाशी बसवलेली शिशाची गोळी, पोटात दारू आणि बुडाशी प्रायमर. हा प्रायमर म्हणजे दिवाळीतल्या टिकलीचा थोरला भाऊ. चाप ओढला की पिन त्याच्यावर आपटते, ठिणगी पडते, दारू पेटते आणि तिच्या वायूच्या दाबाने गोळी नळीतून निघते.

आता आपल्या मुली २५ मीटरला जे पिस्तूल वापरतात ते 'पॉइंट टू टू'चं. या काडतुसात प्रायमर वेगळा नसतोच. त्याचा मसाला पुंगळीच्या बुडाच्या दुमडलेल्या कडेत भरलेला असतो, आणि पिन ती कडच चेचते. एकदा चेचलेली कड पुन्हा सरळ होत नाही, मसाला पुन्हा भरता येत नाही. म्हणजे पॉइंट टू टूच्या पुंगळीचा प्रश्न इथेच मिटला. ती जगात कुठेही पुन्हा भरण्यासाठी बनवलेलीच नसते. परदेशात जी भरतात ती मधोमध वेगळा प्रायमर असलेली काडतुसं. पुरुषांच्या सेंटर फायर पिस्तूल प्रकारात 'थर्टी टू'चं काडतूस चालतं, ते या जातीचं. याच प्रकारात जसपाल राणा यांनी २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ५९० गुण करून जागतिक विक्रमाची बरोबरी केली होती. दारू निवडण्याचा खरा प्रश्न उभा राहतो तो या थर्टी टूसाठी.

तर दारू. आपल्या किल्ल्यांवरच्या तोफांत जी दारू होती ती काळी. ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. ही दारू जळली की निम्म्याहून अधिक वजन राख-काजळी होऊन मागे राहतं. म्हणून धुराचा लोट उठतो आणि नळी काळी होते. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय या रसायनशास्त्रज्ञाने धूरविरहित दारू तयार केली. कापसासारख्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून बनवलेलं नायट्रोसेल्युलोज हा तिचा पाया. काही प्रकारांत त्यात नायट्रोग्लिसरीनही मिसळतात. ही दारू जळली की जवळजवळ सगळी वायूच होते. आज कुठल्याही कारखान्यात पिस्तुलाचं काडतूस याच दारूने भरलं जातं. १८६९ पासून चालत आलेला आपल्या पुण्याचा खडकीचा दारूगोळा कारखानाही त्याला अपवाद नाही.

या दोन दारूंत एक फरक असा आहे, की तो प्रत्येकाने लक्षात ठेवावा. बंद जागेत दाब वाढला की धूरविरहित दारू आणखी वेगाने जळते. वेगाने जळली की दाब आणखी वाढतो, आणि दाब वाढला की पुन्हा वेग. म्हणजे दुप्पट दारू घातली तर दाब दुप्पट होऊन थांबत नाही, कितीतरी पट चढतो. आपल्याकडे राधानगरी, शाहूवाडी, चंदगड या डोंगरी तालुक्यांत पीकसंरक्षणाच्या परवान्याच्या ठासणीच्या बंदुका अजून कुणाकुणाकडे आहेत. त्या फक्त काळ्या दारूसाठी बनलेल्या असतात. काडतूस फोडून निघालेली दारू अशा बंदुकीत ठासली, तर नळी हातात फुटते. हे मी भीती घालायला सांगत नाही. दारू दिसायला काळी-करडीच, पण वागायला निराळी, एवढंच सांगायचं आहे.

धूरविरहित दारूतही जाती आहेत, आणि त्या ठरतात जळण्याच्या वेगावर. हे समजायला गुऱ्हाळाचं चुलवाण आठवा. वाळलेलं चिपाड टाकलं की भडका उठतो आणि क्षणात विझतो. जाड ओंडका टाकला तर तो सावकाश, पण बराच वेळ जळतो. दोन्ही जळणच, फरक आहे तो आगीला मिळणाऱ्या पृष्ठभागाचा. दारूचंही तसंच. बारीक, पातळ चकत्या केल्या की ती झटकन जळते. जाड दाणे किंवा काड्या केल्या, वर मंद करणारा लेप दिला, की सावकाश जळते. रायफलची नळी लांब, तिथे सावकाश जळणारी दारू गोळीला शेवटपर्यंत ढकलत राहते. स्पर्धेच्या पिस्तुलाची नळी नियमानुसार फार तर १५३ मिलिमीटर. एवढ्याशा वाटेत गोळी बाहेर पडायच्या आत दारू पुरी जळायला हवी. सावकाश जळणारी दारू घातली, तर अर्धी नळीबाहेर जाऊन जळते. डोळ्यांपुढे जाळ दिसतो, आवाज मोठा होतो, काजळी धरते आणि प्रत्येक गोळीचा वेग निराळा पडतो. म्हणून रेंजच्या पिस्तुलाला वेगाने जळणारी दारू लागते. अमेरिकेत १८९८ पासून चालत आलेली 'बुल्सआय' किंवा फिनलंडची 'एन ३१०' ही त्यातली नेमबाजांच्या तोंडी असलेली नावं.

इथे नवख्याची कल्पना अशी असते, की चांगली दारू म्हणजे जोराची. रेंजवर हे उलट आहे. कागदाला भोक पाडायला जोर लागतो किती? थर्टी टूची स्पर्धेची गोळी पुढून सपाट असते, म्हणजे कागदाला पंचिंग मशीनसारखं स्वच्छ गोल भोक पडतं. ती सेकंदाला २३० मीटरच्या आसपास वेगाने गेली तरी काम भागतं. त्यासाठी दारू लागते साधारण एक दशांश ग्रॅम. चिमूटसुद्धा नव्हे. हवं काय, तर प्रत्येक बार आधीच्या बारासारखा.

सारखेपणा का महत्त्वाचा, हे मी विद्यार्थ्यांना गणितातून दाखवतो. २३० मीटर वेगाची गोळी २५ मीटर जायला सुमारे ०.१०९ सेकंद घेते. तेवढ्यात गुरुत्वाकर्षणाने ती सुमारे ५८ मिलिमीटर खाली येते. वेग २२० झाला तर ६३ मिलिमीटर. म्हणजे वेगात दहा मीटरचा फरक पडला, की गोळी पाच मिलिमीटर सरकते. संथ फेरीच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं. मग कुणी म्हणेल, पाच मिलिमीटरने काय बिघडतं? निव्वळ अंतराच्या हिशेबाने फारसं नाही. पण तेच ५० मीटर रायफलला पाहा. तिथे दहाचं वर्तुळ आहे १०.४ मिलिमीटर, आणि ३२० ऐवजी ३१० मीटर वेग पडला तर गोळी आठ मिलिमीटर खाली लागते. दहाचे नऊ व्हायला तेवढं पुरतं. म्हणून रायफलवाले काडतुसाबाबत इतके काटेकोर असतात.

पिस्तुलात सारखेपणा लागतो तो दुसऱ्या कारणाने. २५ मीटरच्या जलद फेरीत लक्ष्य सात सेकंद बंद असतं आणि तीन सेकंद उघडतं. तेवढ्यात खाली धरलेला हात वर आणायचा आणि एक गोळी झाडायची. असं पुन्हापुन्हा. पिस्तूल दर वेळी त्याच जोराने मागे उचकलं, तर मनगटाला सवय होते. एक बार जड, एक हलका, असं झालं की हात बिथरतो. शिवाय ही पिस्तुलं अर्धस्वयंचलित. बाराच्या जोरावरच आधीची पुंगळी बाहेर पडते आणि पुढचं काडतूस आत येतं. बार अशक्त निघाला, की पुंगळी अडकते आणि पुढची तीन सेकंदं हातची जातात.

याच फेरीत दारूची आणखी एक परीक्षा होते. थर्टी टूचं हे काडतूस १८९६ सालचं, म्हणजे काळ्या दारूच्या दिवसांतलं. तेव्हा पुंगळी दारूने भरून जायची. आता धूरविरहित दारू तळाशी एवढीशी पडते आणि वर पोकळी राहते. मग हात खाली, नळी जमिनीकडे असताना दारू पुढे गोळीकडे सरकते. नळी वर उचलून मग खाली आणली, तर ती मागे प्रायमरकडे बसते. प्रायमरची ठिणगी एकदा दारूच्या ढिगावर पडते, एकदा पोकळीतून जाऊन दारूला भेटते. काही दारूंना याने फारसा फरक पडत नाही, काहींचा वेग लगेच बदलतो. जाणकार परदेशी नेमबाज दारू निवडताना हे मुद्दाम तपासतात. काही गोळ्या नळी आधी खाली झुकवून, काही वर उचलून झाडतात आणि वेग मोजणाऱ्या यंत्रावर दोन्हींची तुलना करतात. जिचा फरक कमी, ती दारू चांगली.

आता यातली गोम सांगतो. वेगाने जळणारी दारू थोडीशीच लागते, हा तिचा गुण. आणि धोकाही तोच. थोडी लागते म्हणून पुंगळीत चुकून दोनदा पडली तरी ती ओसंडत नाही. वर गोळी बसली, की आत काय आहे ते दिसत नाही. मघाशी दाबाचं सांगितलं ते इथे जोडून बघा. अशा एका काडतुसाने पिस्तूल फुटतं. ते हातभर अंतरावर, डोळ्यांसमोर धरलेलं असतं. म्हणूनच पुष्कळ जुने भरणारे किंचित फुगीर, जागा जास्त व्यापणारी दारू पसंत करतात. दोनदा पडली तर ती पुंगळीत लगेच उंच दिसते, नजरेला खटकते. थोडं वेगाचं नुकसान झालं तरी चालेल, पण चूक दिसली पाहिजे, असा तो विचार. दारू निवडण्याचा मला माहीत असलेला सगळ्यांत शहाणा नियम हाच.

उलट बाजूही धोक्याचीच. दारू कमी पडली किंवा पडलीच नाही, तर नुसत्या प्रायमरच्या धक्क्याने गोळी नळीत शिरते आणि मध्येच अडकते. त्यामागून पुढची गोळी झाडली, की नळी फुगते किंवा फाटते. कारखान्यात दाब मोजायच्या खास नळ्या असतात. प्रत्येक खेपेतली काडतुसं त्यांत झाडून पाहतात, मगच माल बाहेर पडतो. घरातल्या टेबलावर दाब मोजायचं साधन नसतं. जिथे घरी भरायला परवानगी आहे तिथेही माणूस दारूच्या कंपनीने छापलेल्या तक्त्यावर चालतो, त्यात स्वतःची अक्कल चालवत नाही. एका दारूचं माप दुसरीला लावणं किंवा दोन दारू मिसळणं, हे तर तिथेही महापाप मानतात.

मग आपल्या कोल्हापूरच्या नेमबाजाने यातून घ्यायचं काय? दारू निवडायचा हक्क त्याला नाही असं वाटतं, पण आडवाटेने तो आहे. काडतुसांच्या प्रत्येक पेटीवर लॉट नंबर छापलेला असतो. एक लॉट म्हणजे एकाच वेळी, एकाच दारूच्या, एकाच प्रायमरच्या भरणीतून निघालेली खेप. त्याच कंपनीचा, त्याच नावाचा दुसरा लॉट तुमच्या पिस्तुलात वेगळा वागू शकतो. म्हणून ज्यांना जमतं ते पिस्तूल पकडीत घट्ट बसवून निरनिराळ्या लॉटच्या दहा-दहा गोळ्या झाडतात आणि ज्या लॉटची भोकं सगळ्यांत जवळ पडतात तो उचलतात. परदेशातल्या मोठ्या कंपन्या अशा चाचणीची सोय खेळाडूंसाठी स्वतःच करतात. एवढं नाही जमलं, तरी तीन गोष्टी कुणालाही जमतील. लॉट नंबर वहीत लिहून ठेवा. पुंगळी अडकली, बार हलका वाटला, तर त्या नंबरापुढे नोंद करा. स्पर्धेसाठी चांगल्या लॉटची पेटी वेगळी काढा, आणि एका फेरीत दोन लॉट मिसळू नका.

दुसरी गोष्ट साठवणीची. दारू गरम झाली की तिचा दाब चढतो. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत काडतुसं ठेवून संध्याकाळी रेंजवर गेलात, तर सकाळच्या आणि संध्याकाळच्या बारात फरक जाणवला तर नवल नाही. आणि आपला पाऊस तर विचारूच नका. दमट हवेची काळजी कोल्हापूरला नवी नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी कोल्हापूरच्या संभाजी छत्रपतींच्या काळात, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, आज्ञापत्र लिहिलं. त्यात गडावरचं दारूचं कोठार कसं असावं, दारूला सर्दी कशी लागू देऊ नये, आणि हवालदाराने ठरावीक दिवसांनी स्वतः येऊन दारू बाहेर काढून ऊन कसं द्यावं, हे बारकाईने सांगितलं आहे. आपल्याला ऊन द्यायचं नाही. आजची दारू बंद पुंगळीत असते, तिला सावलीच मानवते. पण हवालदाराची ती नियमित तपासणी उसनी घ्यायला हरकत नाही. काडतुसं मूळ पेटीत, कोरड्या, कुलूपबंद कपाटात ठेवा, आणि हिरवट डाग पडलेली काडतुसं वापरू नका.

राहता राहिला खर्चाचा प्रश्न. दारू वाचवून तो सुटत नाही, सराव नीट आखून सुटतो. पिस्तुलात काडतूस न घालता चाप ओढण्याचा सराव हा सगळ्यांत स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यांत उपयोगी. मात्र पॉइंट टू टूची पिन रिकाम्या नळीच्या कडेवर आपटून खराब होऊ शकते, म्हणून आत प्लास्टिकचं डमी घालावं. सुरू करण्याआधी पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करावी, आणि त्या खोलीत काडतूस ठेवूच नये. दहा मीटरच्या एअर पिस्तुलात दारूच नसते, नुसत्या दाबलेल्या हवेवर साडेचार मिलिमीटरचा छर्रा जातो. हात स्थिर होणं, चाप सावकाश दाबणं, हे सगळं तिथे शिकता येतं. काडतुसं जाळायची ती यांनी जे घडलं ते तपासण्यापुरती.

शेवटी एकच सूचना, जी प्रत्येक पालकाने मुलाकडून पाठ करून घ्यावी. बार नेहमीसारखा वाजला नाही, नुसतं 'फुस्स' झालं, धक्का बसला नाही, तर पुढचा चाप ओढायचा नाही. स्पर्धा असो, घड्याळ चालू असो, पदक जात असो. नळी लक्ष्याकडेच ठेवायची, अर्धा मिनिट थांबायचं, मोकळा हात वर करून पंचांना बोलवायचं आणि नळी आरपार मोकळी आहे हे पाहिल्याशिवाय दुसरी गोळी भरायची नाही. गेलेले दहा गुण पुढच्या फेरीत भरून काढता येतात. बोटं भरून काढता येत नाहीत.